आईकडून आलेलं

जाताना:

विट्याहून सांगलीला निघालेली एसटी. बनाबाई पुढच्या बाकावर, सून माया मागच्या. मायाच्या मांडीवर सहा महिन्यांचा अर्जुना. त्याची एड्सची तपासणी पॉझिटिव्ह आल्यापासून आजी नातवाला शिवली नव्हती.

दवाखान्यात:

"पॉझिटिव्ह म्हणजे बाळाला रोग झालाच, असं नाही," डॉक्टर म्हणाले. "या तपासणीत विषाणू दिसत नाही, त्याच्याशी लढणाऱ्या अँटीबॉडी दिसतात. आजार आईला असला, की त्या पोटातच बाळाच्या रक्तात उतरतात. बाळ सुटलेलंही असेल. दीड वर्षाचं झालं की परत तपासू."

"म्हंजी माजं पोरगं चांगलं आसंल?" बनाबाईला रडू फुटलं. "आवं डाक्टर, तुमच्या तोंडात साखर पडू द्या!"

"आजार आईला..." माया पुटपुटली. तिच्याकडे कुणी बघितलं नाही.

येताना:

तेच बाक. अर्जुना आजीच्या पदराखाली. विसापूर मागे पडलं आणि तो भुकेने रडायला लागला. माया उठली, तिने हात पुढे केले.



"तितंच बस," बनाबाई मागे न बघता म्हणाली. "शिवू नगंस त्येला."