आबासाहेबांचे डबे

"डब्यांत शिसं सापडलंय, मामंजी," पद्मावती म्हणाली. पंगतीतले सगळे हात थांबले.

डबे आबासाहेबांच्या कारखान्यातले होते. हैदराबादच्या पोलीस ॲक्शननंतर त्यांनी वकिली आवरली, शहरातल्याच चिक्कडपल्लीत शेड घेतली आणि टमाट्याचा रस डबाबंद करायला सुरुवात केली. नव्या सरकारची पहिलीच मोठी ऑर्डर त्यांना मिळाली होती. जिल्ह्याजिल्ह्यांतल्या दवाखान्यांत आजारी मुलांना हा रस द्यायचा होता. सून पद्मावती सरकारी प्रयोगशाळेत केमिस्ट होती. लग्नानंतरही तिनं नोकरी सोडू नये, हा हट्ट आबासाहेबांचाच.

"काहीतरी चूक झाली असेल," तिचा नवरा श्रीनिवास म्हणाला. कारखान्याची देखरेख त्याच्याकडे होती. "मी स्वतः रोज रस चाखतो."

"चवीला कळत नाही ते. डब्याच्या सांध्याला आतून जाड डाख दिलाय. त्यातलं शिसं आंबट रसात उतरतं. लहान मुलांच्या अंगात ते साठत जातं."

आबासाहेबांनी हातातला घास ताटात ठेवला.

"हे आणखी कुणाला ठाऊक आहे?"

रात्रभर पद्मावतीला याच प्रश्नाची धास्ती होती.

"आमच्या मोठ्या साहेबांना. कारखाना सासऱ्यांचा आहे हेही मी त्यांना सांगितलं. म्हणून त्यांनी दुसऱ्या केमिस्टकडून पुन्हा तपासून घेतलं. तेच निघालं. रिपोर्ट काल वर गेला."

श्रीनिवास ताटावरून उठून गेला. सासूबाई सावित्रीबाईंनी डोळ्यांना पदर लावला. आबासाहेबांनी हात धुतले, शेरवानी चढवली, टोपी घातली आणि सुनेला म्हणाले, "चल."

दोघं टांग्यात बसून निघाली. नामपल्ली स्टेशनच्या मालधक्क्यावर त्यांची खोकी वॅगनमध्ये चढत होती. वरून हुकूम सुटेपर्यंत माल दवाखान्यांत पोहोचला असता.

"रुको!" आबासाहेब ओरडले. "सब उतारो! एक भी डब्बा जाने नक्को दो!"

मालबाबू धावत आले. "वकीलसाब, माल थांबवायचा हुकूम कुणाचा?"

"माझा. माल माझा आहे."

हमालांनी खोकी उतरवायला घेतली. आबासाहेब तिथेच उन्हात उभे राहिले. शेवटचं खोकं खाली आलं, तशी त्यांनी टोपी काढून कपाळ पुसलं. वर्षभराची मेहनत धक्क्यावर रचून पडली होती.

पद्मावती जवळ आली. "मामंजी, रिपोर्टवर सही करण्याआधी मी तुम्हाला सांगायला हवं होतं."

आबासाहेबांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

"बरं झालं नाही सांगितलंस, पोरी. मी तुला सही करू दिली नसती."