अवलंबून कोण?

“उत्पन्न मर्यादेच्या वर जातंय,” शिष्यवृत्ती विभागातल्या मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी अर्ज परत सरकवला.

मिस्त्रींनी मान हलवली. फर्निचरच्या कारखान्यात रंधा मारता मारता ते यंदाच हेड मिस्त्री झाले होते. मालक आपणहून म्हणाले होते, कमी पगाराचा दाखला देतो, पोरीचं काम होऊन जाईल. मिस्त्री हसले होते. “साहेब, पगार वाढायला अर्धा जन्म गेला. आता तो कमी आहे, असं कुठल्या तोंडाने सांगू?”

आणि ते खरा दाखला घेऊन आले होते.

मुलगी शेजारी बसली होती. आर्किटेक्चरला तिला गुणांवर प्रवेश मिळाला होता. फी मात्र गुणांवर भरता येत नव्हती.

मॅडमनी तिच्या उतरलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं. “ही शिष्यवृत्ती गरजेवर आहे. आम्ही नुसता पगार बघत नाही. तो किती माणसांना पुरवायचा, तेही बघतो. घरात तुम्ही तिघंच ना?”

“हो,” मिस्त्री म्हणाले.

“सहा,” मुलगी त्याच वेळी म्हणाली.

मॅडमचं पेन थांबलं. मुलीने बापाकडे न बघता सांगून टाकलं. आत्या आणि तिची दोन मुलं. आत्याचे यजमान गेले तेव्हापासून आमच्याकडेच असतात. त्यांच्या शाळेचंही बाबाच बघतात.

“मग हे लिहिलं का नाही?”

“तुमच्यावर अवलंबून कोण, असं विचारलंय त्यात,” मिस्त्री म्हणाले. “ती माझी धाकटी बहीण आहे. स्वतःच्या घरात राहते. अवलंबून कसली?”

मॅडमनी अर्ज पुन्हा पुढे ओढला. “मला पटतं हो. नियमाला नाही पटायचं. त्या अवलंबून आहेत, असं बहिणीच्या सहीनं लिहून आणा. मग तुम्ही मर्यादेत बसता, फी पूर्ण माफ होते.”

मिस्त्री उठलेच. “तिच्याकडून असलं लिहून घेणं माझ्याने व्हायचं नाही. फीचं मी बघतो काहीतरी.”

जिन्यावरून मुलगी बापाच्या पुढे उतरत गेली. तिला बापाचा राग आला होता, आणि ज्या गोष्टीचा राग आला होता, त्याच गोष्टीने ऊर भरून आला होता.

घरी आल्यावर मिस्त्रींनी एका वाक्यात विषय मिटवला. “नियमात नाही बसलो आपण.” पण आत्यापुढे भाचीचं तोंड फार वेळ बंद राहत नसे. आत्या कपड्यांच्या घड्या घालत ऐकत होती. सगळं ऐकून झालं तरी ती घड्याच घालत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चपला घालून दारात उभी होती. “दादा, चल. मॅडमकडे जायचंय.”

“कशाला? मी नाही म्हणून सांगितलंय त्यांना.”

“तू सांगितलंस. मला कुठे कुणी विचारलंय?”

मिस्त्री निमूट मागोमाग निघाले. मुलगीही निघाली. ऑफिसात कुणी बसा म्हणायच्या आधीच आत्याने उभ्या उभ्या निवेदन लिहून सही केली. अक्षर शाळेतल्यासारखं गोल आणि ठसठशीत होतं.

मॅडमना ते नियमाप्रमाणे वाचून दाखवावं लागलं. “‘मी व माझी दोन मुलं पूर्णपणे माझ्या भावावर अवलंबून आहोत.’ हे खरं आहे ना?”

मिस्त्री खिडकीबाहेर बघू लागले.

“खरं आहे,” आत्या म्हणाली. “सगळ्या गल्लीला माहीत आहे. फक्त आमच्या घरात इतक्या वर्षांत मला कुणी ते कळू दिलं नाही.”