एका मुक्कामाची सॅक

शाल्मलीने सॅक उचलली. गडावरच्या मुक्कामासाठी ती फारच हलकी होती. वाट, हवामान आणि तिची व निनादची प्रकृती तपासून घरातलं सॅक भरणारं यंत्र पुढे खरोखर वापरल्या जातील तेवढ्याच वस्तू भरायचं. मागच्या ट्रेकला त्याने क्रेप बँडेज ठेवलं, तेव्हा दोघं हसले होते. उतरताना तिचा पाय मुरगळला.

आज रात्रीच्या जेवणाची पाकिटं दोन होती, सकाळच्या उपम्याचं एकच. टूथब्रशही एकच, तिचा.

"निनाद, आपण नको जायला."

"बिघडलं असेल गं," तो म्हणाला, पण तिच्याकडे न बघता.

तिने यंत्राच्या पडद्यावर गडाऐवजी समुद्रकिनारा निवडला, मग आईचं घर. दोन्ही वेळा यंत्राने निनादचा ब्रश बाहेरच ठेवला.

"हॉस्पिटल टाकून बघ," तो हळूच म्हणाला.

तिने तेही टाकलं. यंत्राचा खण उघडला. आत तिचेच कपडे होते, तिचाच ब्रश होता.

मग निनाद बुटांच्या नाड्या बांधायला खाली बसला.

"गडावरच जाऊ. चढताना सॅक मी घेतो," तो म्हणाला. "उतरताना तुलाच घ्यावी लागेल."