शंभरपैकी शंभर

"कधीपासून ऐकू येत नाही हिला?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"ऐकू येत नाही असं कोण म्हणतं?" बिट्टीचा बाप एकदम उसळला. "ऐकायचं नसतं तिला. आईने लाडावून ठेवलंय, दुसरं काही नाही."

सहा वर्षांची बिट्टी स्टुलावर पाय हलवत बसली होती. जो बोलेल त्याच्या तोंडाकडे बघत होती. आत्ताच तिला काचेच्या खोलीत बसवून तपासलं होतं. आवाज आला की हात वर कर, एवढंच तिला करायचं होतं. अर्ध्या तासात तिचा हात तीनदा वर गेला.

"डावा कान जवळजवळ गेलाय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "उजव्यात थोडं शिल्लक आहे. हे एका दिवसात होत नाही, हळूहळू उतरत जातं. सुरुवातीच्या दोन-तीन महिन्यांत औषधं सुरू झाली तर बरंच वाचतं. त्यानंतर उपयोग नसतो. म्हणून विचारतेय. आठवून सांगा."

"आठ-नऊ महिने तरी झाले असतील," आई हळूच म्हणाली. "पाठमोरी असली की ओ द्यायची नाही. मी ह्यांना दोनदा सांगितलं."

"काहीतरीच! फार तर महिना." बापाने खिशातून फोन काढला. इतका वेळ तो याचीच वाट बघत होता.

बेअरिंगच्या कारखान्यात माल तपासणं हे त्याचं काम. केसाएवढा फरक पडला तरी तो नग बाजूला काढायचा, आणि मग साहेब आला काय नि मालक आला काय, त्याचा शब्द फिरायचा नाही. माणसं बोलताना पदरचं घालतात, आकडे घालत नाहीत, असं त्याचं ठाम मत होतं. म्हणूनच पोरीला पियानो शिकवायचं ठरल्यावर त्याने शिक्षक ठेवला नाही. घरच्या कॉम्प्युटरवर एक प्रोग्रॅम घेतला आणि त्याला छोटा कीबोर्ड जोडून दिला. पडद्यावरून रंगीत पट्ट्या खाली सरकायच्या. पट्टी रेषेला टेकली की कीबोर्डवरची त्या रंगाची पट्टी बोटाने दाबायची. दर रविवारी बापाच्या फोनवर गुणपत्रक यायचं. तो ते छापून फ्रीजवर चिकटवायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचा. त्याच्या भावाचा मुलगा एका बाईंकडे शिकायला जात होता. त्या बाई कधी "छान" म्हणत, कधी "बरं" म्हणत. याला काय अर्थ आहे, असं तो भावाला तोंडावर विचारायचा.

बायको काळजीने काही बोलू लागली की तो फ्रीजकडे बोट दाखवायचा. पियानोत शंभर पडतात आणि तुझी हाक तेवढी ऐकू येत नाही? एकदा बिट्टी तीन हाकांना उठली नाही तेव्हा त्याने तिचा कान पिळला होता. डावा.

"हे बघा," फोन टेबलावर ठेवत तो म्हणाला. "गेले दहा महिने एकही आठवडा शंभरच्या खाली नाही. बहिरी मुलगी पियानो वाजवेल का?"

फोनवरचे ओळखीचे रंग बघून बिट्टी हसली. "किती मिळाले?" ती खोलीला न शोभेल एवढ्या मोठ्याने ओरडली.

डॉक्टरबाईंनी गुणपत्रक नीट वाचलं. "ही रंग बघून वाजवते. याला कान लागत नाहीत," त्या म्हणाल्या. मग त्यांनी बोटाने पान खाली सरकवलं. "आणि हा दुसरा भाग कसला? पडदा काळा होतो, एक सूर वाजतो आणि तो ऐकून पट्टी शोधायची. असंच ना?"

बापाने मान डोलावली.

"पहिले चार आठवडे नव्वदच्या वर. मग सत्तर. मग पन्नास, तीस, बारा." त्यांनी पान आणखी खाली सरकवलं. "आणि पुढे काहीच नाही. दहा महिन्यांपूर्वी हा भाग बंद केलाय. तोपर्यंत कान उतरायला लागून दोन महिनेही झाले नव्हते."

कारखान्यात असा उतरता आलेख दिसला असता तर बापाने अख्खी लाइन थांबवली असती. आता त्याला तो रविवार आठवला. भाऊ सहकुटुंब जेवायला येणार होता. दोन्ही भागांचे मिळून गुण छप्पन्नवर आले होते आणि छप्पन्नचा कागद फ्रीजवर लावायची त्याला लाज वाटत होती. भाऊ जिना चढत असताना त्याने फोनवर घाईघाईने काहीतरी लिहून बटण दाबलं होतं. जेवणं होईपर्यंत तो ते विसरूनही गेला होता.

"आपोआप बंद झालं असेल," तो म्हणाला. "नाहीतर घरात कुणाचातरी हात लागला असेल."

"मला त्याचा पासवर्डही माहीत नाही," आई म्हणाली. ती नवऱ्याकडे बघत नव्हती. तिने बिट्टीचा हात घट्ट धरला होता.

"आपोआप नाही झालेलं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "बंद करण्याआधी हा प्रोग्रॅम पालकांना कारण विचारतो. ते इथे लिहिलंय." त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला आणि वाचलं, "'या भागामुळे मुलीचे गुण विनाकारण कमी होतात.'"