गाई ठेवू की विकू?

सभा संपत आली, तरी विरोधी पक्षनेत्या वसुधाताई युरोपशी होणाऱ्या व्यापार करारावर अवाक्षरही बोलल्या नव्हत्या. द्राक्षवाल्यांना करार हवा होता, दूधवाल्यांना त्याची धास्ती होती. मतदानापर्यंत गप्प राहायचं, असं पक्षाचं ठरलं होतं.

तेवढ्यात बायकांमधून त्यांची शाळेतली मैत्रीण कलावती उभी राहिली. "वसू, तिकडची स्वस्त दूधभुकटी आली तर माझ्या गाई ठेवू की विकू? एवढंच सांग."

प्रचारप्रमुख मोरेश्वररावांनी मानेनंच 'नको' म्हटलं. पण ताईंना 'वसू' म्हणणारं आता दुसरं कुणी उरलं नव्हतं. माईक हातात घेऊनच त्या खाली उतरल्या आणि तिच्याशेजारी बसल्या.

"विकू नकोस. आम्ही आलो तर दूध वगळल्याशिवाय करार करणार नाही."

"ताई, द्राक्षपट्टा गेला," गाडीत मोरेश्वरराव म्हणाले.

तो खरोखरच गेला, आणि त्याच्याबरोबर सत्तेची संधीही.

निकालानंतरच्या आठवड्यात कलावती खरवसाचा डबा घेऊन आली. "माझ्यापायी हरलीस गं, वसू."

ताईंनी एक वडी तोंडात टाकली. "कालवड झाली का गोऱ्हा?"

"कालवड," म्हणताना कलावतीचे डोळे भरून आले.