गार पत्रा

थंडी पडली की दिवस मावळताना चिमण्या आमच्या बेकरीच्या पत्र्यावर उतरतात आणि भट्टीच्या बरोबर वर एकमेकींना खेटून बसतात. माझा नवरा तर म्हणतो, "भट्टी तापली का, हे मला विचारू नकोस. वर बघ."

आज भट्टी रसरसली होती, आत पाव फुगत होते, आणि वर एकही चिमणी नव्हती.

मी मागच्या बाजूला जाऊन पाहिलं. सगळ्याच्या सगळ्या पलीकडे, सासूबाईंच्या खोलीवर दाटीवाटीनं बसल्या होत्या. सासूबाई गेल्यापासून ती खोली बंदच आहे. तिथला पत्रा हात लावू नये इतका गार असतो.

"अहो, जरा इकडे या."

त्यांनी वर पाहिलं. "मांजर फिरलं असेल."

"मांजराला भिऊन कुणी गारठ्यात जाऊन बसतं का?"

ते हातातला ट्रे तसाच धरून उभे राहिले.

मी खोलीच्या दाराला तळहात लावला. दार कोमट होतं, नुकतंच कुणी उठून गेलेल्या अंथरुणासारखं.

सासूबाईंना थंडी अजिबात सोसायची नाही. कडाक्याच्या दिवसांत त्या मला हाक मारायच्या, "ये गं, एकटीला ऊब येत नाही," आणि माझ्यासाठी भिंतीकडे सरकून जागा करायच्या.

"हात काढ," ते हळूच म्हणाले.

वरची किलबिल एकदम थांबली.

दाराआड खाट करकरली. कुणीतरी भिंतीकडे सरकलं होतं.