धक्क्याखालचा डाग

धक्क्याच्या पोटाला तळहाताएवढा एकच तांबूस डाग पडला होता, पण दुरुस्तीवाल्याने त्यावर तीन वर्षं मांडली होती. एक फोडायला, एक भरायला आणि एक तक्रारी ऐकायला. तेवढे दिवस धक्का बंद. होडीवाल्याने उतारू कुठे उतरवायचे, हे त्या मांडणीत कुठेच नव्हतं. म्हणून आज होडीवाला स्वतःच सगळ्यांना ओहोटीला डागाखाली घेऊन आला होता. पोटावर पाय यायचाच असेल तर निदान डोळ्यांदेखत यावा.

होडीत इंजिनिअरबाई होत्या, दुरुस्तीवाला होता, आणि अठ्ठावीस वर्षांपूर्वी या धक्क्याच्या सळया बांधणारा म्हातारा फिटर. त्याला बाईंनी मुद्दाम शोधून आणलं होतं. त्याची बायको न बोलावताच आली होती.

“काका, सळया सगळ्या स्टेनलेसच्याच होत्या ना?” बाईंनी विचारलं.

“सगळ्या. खारं पाणी काँक्रीटमध्ये मुरलं तरी गंजू नयेत, म्हणून तर आणल्या होत्या.”

“मग हा गंज काय समुद्राने बाहेरून आणून चिकटवला?” दुरुस्तीवाला हसला. “कागदावर स्टेनलेस, पोटात साधं. एक साधी सळई घुसली म्हणजे दहा घुसल्या. मॅडम, तुम्ही आज बंदचा कागद करा, मी उद्या माणसं लावतो.”

माणसं त्याने कालच सांगून ठेवली होती.

फिटरने डागाकडे पाहिलं, मग पाण्याकडे. बायकोकडे पाहायचं त्याने टाळलं.

“बोला की,” ती म्हणाली.

“आधी फोडू तर देत.”

बाईंनी हातोडीने ठोकून पाहिलं. आजूबाजूला खणखणीत आवाज, डागावर तेवढा बसका. छिन्नी दुरुस्तीवाल्याने हौसेने स्वतः चालवली. होडीवाला खांबाला धरून होडी सांभाळत होता. प्रत्येक घावाला त्याचे डोळे आपोआप मिटत होते.

दोन बोटं खोल गेल्यावर लाल भुकटी गळाली.

“घ्या! मी काय म्हणत होतो?”

बाईंनी ब्रश फिरवला. आतली सळई चकाकली, कालच दुकानातून आणल्यासारखी. भुकटी सळईची नव्हतीच. दोन सळया जिथे एकमेकींवरून जात होत्या, तिथे त्यांना बांधणारी तार होती. बाईंनी नख लावलं आणि तिचा उरलासुरला पीळ चुरा होऊन पाण्यात पडला.

“ही तार साधी आहे. तारसुद्धा स्टेनलेसचीच द्यायची होती.”

“दिली होती,” फिटर म्हणाला. “ही गाठ माझी आहे.”

“आणि बाकीच्या?”

“या तुळईच्या बाकीच्या सगळ्या हिच्या.”

मग त्याला सांगावंच लागलं. स्टेनलेसची तार साध्या तारेसारखी वळत नाही. पिळली की उसळी मारते आणि बोट कापते. बाकीचे बांधणारे दोन दिवसांत पळाले. ही राहिली. या शेवटच्या तुळईला तिच्या बोटांत पू झाला होता. “मी म्हटलं, आता साध्या तारेने उरक, खालून कोण बघायला येतंय! एक गाठ मारूनही दाखवली.”

“बोटं धड असती तर यांना तेव्हाच पाण्यात ढकललं असतं,” म्हातारी म्हणाली. “ती गाठ काढा म्हटलं, तर म्हणाले काढली. काढली होती?”

“आडबाजूला होती गं. हात पोचेना.”

“ताटातल्या शेवटच्या घासापर्यंत बरा पोचतो!”

होडीवाला सकाळपासून पहिल्यांदा हसला.

बाईंनी अख्खी तुळई या टोकापासून त्या टोकापर्यंत ठोकली. खणखणीत. स्वतःच्या मनाने आणखी एक जागा निवडून फोडायला लावली. आत सळई चकाकत होती आणि तिच्यावरची गाठसुद्धा. मग त्यांनी कागद काढला. धक्का चालू, फोडलेल्या दोन जागा भराव्यात. अहवालात शेऱ्याला जागा होती, आभाराला नव्हती. बाईंनी म्हातारीचे आभार शेऱ्यातच लिहिले.

“एवढ्याशासाठी माणसं लावू?” दुरुस्तीवाल्याने विचारलं.

“एक पुरे. अर्धा दिवस.”

तीन वर्षांतलं एवढंच उरलं.

पायऱ्यांपाशी होडी लागली. होडीवाल्याने आधी उडी मारली आणि दोन्ही हात पुढे केले. “मावशी, तुमच्यामुळे माझं घर…”

“घर असू दे, आधी मला धर नीट,” म्हातारी म्हणाली. तिने डावा हात दिला. उजव्या हाताची दोन बोटं सरळ होती. शेवटच्या तुळईपासून ती वाकतच नव्हती.

वर आल्यावर तिच्या चपलेचा पट्टा सुटलेला दिसला. तिने काही म्हणायच्या आत फिटर पायरीवर गुडघा टेकून बसला. रोज सकाळी बसायचा तसाच. पट्टा ओढून त्याने बक्कल लावलं, आणि हात लगेच काढला नाही.

“नीट बांधा,” ती म्हणाली. “खालून बघायला येतात माणसं.”